वाळकी फांदी

पक्ष्याचा चांगला फोटो समोर आला की लोक आधी पक्षी बघतात. मी तो बसला आहे ती फांदी बघते. माझ्याकडचे जे फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघावेसे वाटतात, त्यांतल्या बहुतेकांत फांदी वाळलेली आहे. साल सुटलेली, उन्हापावसाने पांढुरकी पडलेली, एकही पान नसलेली. कोतवाल तिच्यावर बसतो, वेडा राघू तिच्यावर बसतो, तळ्याकाठचा खंड्यासुद्धा हिरवी फांदी सोडून तिच्याचकडे वळतो. पक्ष्याचा त्यात हिशेब आहे. पानं नसली की चारी दिशा मोकळ्या दिसतात, किड्यावर झेप घेताना पंखांना काही आडवं येत नाही, शिक्रा येत असेल तर लांबूनच कळतं. आणि थंडीत सकाळचं पहिलं ऊन तिथेच पोचतं. जानेवारीत सातच्या पुढे एखाद्या जुन्या बागेत मान वर करून पाहावं. हिरव्या माथ्यांमधून एखादा वाळका शेंडा वर आलेला असतो आणि त्यावर तीन-चार तांबट, बाजूला पोपटांची जोडी, खालच्या काटकीवर बुलबुल, असे सगळे उगवतीकडे पोट करून, पिसं फुगवून बसलेले असतात. कुणी कुणाशी भांडत नाही. ऊन अंगात मुरलं की एकेक जण उठून कामाला लागतो.

शहरात बाग ज्यांच्या ताब्यात असते त्यांना ही फांदी म्हणजे राहून गेलेलं काम वाटतं. झाडाखालचा पालापाचोळा, कुंपणाकडेचं माजलेलं रान, पडून कुजत असलेला ओंडका हेही त्याच यादीत येतं. कॅमेरा घेऊन मुंबईतल्या बागांतून हिंडताना मला वर्षानुवर्षं दिसत आलं ते असं, की पक्षी नेमके या यादीतच राहतात. हिरवळीवर, फुलांच्या वाफ्यांवर ते येतात आणि जातात. संसार मांडतात तो अडगळीत.

मी राहते चिंचपोकळीला. तिथून राणीची बाग पायी जाण्याजोगी. कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण आमच्याकडे लहानथोर सगळे अजून राणीची बागच म्हणतात. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला ती आखली गेली ती वनस्पतींची बाग म्हणून; प्राणी मागाहून आले. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं, आणि घारापुरीचा दगडी हत्ती तिथेच उभा आहे. फोर्टातला काळा घोडाही 1965 साली इथे आणून ठेवला. घोड्यावरच्या सातव्या एडवर्डच्या डोक्यावर बहुतेक वेळा कावळा असतो. पण बागेचं खरं वैभव म्हणजे झाडं. तीन हजारांहून अधिक, आणि त्यांतली कितीतरी शंभरी ओलांडलेली. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, सीताअशोक आहे, फुलोरा उलटा लोंबवणारी उर्वशी आहे. वड, पिंपळ आणि वर्षावृक्ष तर असे वाढलेत की त्यांच्याखाली उभं राहिलं की बाहेरच्या रस्त्यावरच्या बसचा आवाजही पातळ होतो.

लोक येतात ते प्राण्यांसाठी, आणि 2017 पासून पेंग्विनसाठी. त्यात गैर काही नाही. मीही लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून हत्ती बघायलाच यायचे. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या बरोबर डोक्यावरून राखी धनेश उडत जातो तेव्हा माझा जीव राहत नाही. चांगला दोन फूट लांबीचा पक्षी, चोचीवर काळं शिंग, लांब शेपूट. चार वेळा पंख मारायचे आणि तरंगायचं, पुन्हा चार वेळा मारायचे आणि तरंगायचं, अशी त्याची चाल. कुठल्याही कुंपणात नसलेला, कुणी खाऊ न घातलेला, भायखळ्याच्या आकाशात आपल्या हक्काने राहणारा. एकदा शाळेची सहल आली होती. मी वडाखाली मॉनोपॉड टेकवून उभी होते, तर दहा-बारा पोरांनी घेरलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना धनेश दाखवला. एका मुलीने नीट बघितलं आणि विचारलं, "काकू, हा कुठल्या पिंजऱ्यात आहे?" मी म्हटलं, "पिंजऱ्यात नाही. तो बघ, त्या उंच फांदीच्या बेचक्यात." मग सगळ्या माना वर गेल्या. त्यांच्या बाईंना पुढे जायची घाई होती, तरी त्याही थांबल्या. नर धनेश पिंपळाची फळं चोचीच्या टोकात धरून, वर उडवून गिळत होता. ती मुलगी शेवटपर्यंत हलली नाही. तिला ओढून न्यावं लागलं.

धनेशाची खरी गोष्ट उन्हाळ्यात सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून बंद करून घेते. स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, नराने आणून दिलेला चिखल यांचा लेप ती चोचीच्या कडेने थापत राहते, आणि शेवटी फक्त चोचीचं टोक बाहेर येईल एवढी उभी फट उरते. आत ती अंडी घालते आणि पंखांची, शेपटीची मोठी पिसं गाळून टाकते. म्हणजे उडून जायचं म्हटलं तरी ती जाऊ शकत नाही. तिचं आणि पुढे पिल्लांचं जगणं नरावर. एका मे महिन्यात मला अशी एक ढोली लांबून, पण सरळ रेषेत दिसायची. झाड कुठलं, ते सांगणार नाही. नर आला की आधी समोरच्या फांदीवर बसून आजूबाजूला बघायचा. मग ढोलीच्या कडेला सालीत नखं रोवून, शेपूट खोडावर दाबून लटकायचा. मानेला एक झटका, आणि चोचीच्या टोकाशी एक फळ. ते फटीतून आत. पुन्हा झटका, पुन्हा फळ. सदऱ्याच्या खिशातून एकेक शेंगदाणा काढून नातवाला द्यावा, तशी तो गळ्यातली फळं एकामागून एक काढत राही. कधी मधेच एखादा सरडा किंवा टोळ. आतून चोचीचं टोक पुढे यायचं, घ्यायचं, मागे जायचं. फळं संपली की तो क्षणभर तसाच लटकून राहायचा. का, ते मला माहीत नाही, पण राहायचा.

ही ढोली धनेशाला स्वतःला करता येत नाही. त्याची चोच दिसायला दांडगी, पण लाकूड फोडण्याच्या कामाची नाही. कधीकाळी मोठी फांदी मोडलेली असते, त्या जखमेतून पाणी आत जातं, बुरशी लागते, गाभा कुजत जातो, सुतार किंवा तांबट टोचून ती जागा मोठी करतात, आणि अशी वर्षं जाता जाता धनेश मावेल एवढी पोकळी तयार होते. पोपट, साळुंक्या, पिंगळा, दयाळ, सगळ्यांना अशीच आयती पोकळी लागते. वनमहोत्सवात लावलेल्या रोपाला ढोली यायला माणसाचं अख्खं आयुष्य जावं लागतं. म्हणून एका जुन्या झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावू, असं कुणी सांगितलं की मला त्या दहांची काहीही आशा वाटत नाही. धनेशाला यंदाच्या एप्रिलमध्ये घर हवं असतं.

घरट्याचे फोटो मी काढते ते फार लांबून, आणि कुणाला जागा सांगत नाही. ढोलीसमोर दोन-तीन माणसं उभी राहिली की नर यायचा थांबतो. तो थांबला की आतली उपाशी. सध्या हातोहात चांगले कॅमेरे आलेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एक ढोली कळली की दुसऱ्या दिवशी तिथे ट्रायपॉडची रांग लागते, हेही मी बघितलं आहे. अनेक छायाचित्र स्पर्धांमध्ये आता घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत, ते फार बरं झालं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावणं हाही तसाच प्रकार. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा शिरला. तो घास टाकून भांडायला धावतो. एका फोटोसाठी एवढी किंमत पिल्लांनी का द्यावी?

बाकी फोटो काढण्याचं तंत्र फारसं सांगण्यासारखं नाही. पांढऱ्या आकाशावर बसलेला पक्षी काळा येतो, म्हणून एक्स्पोजर थोडं चढवायचं. डोळा फोकसमध्ये हवा. शटर हजारच्या पुढे ठेवायचं. हे कुणीही आठवड्याभरात शिकतं. सूर्यपक्ष्याचा जांभळा-निळा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या बारीक रचनेवर प्रकाश पडून तो दिसतो. म्हणून एका कोनातून तो कोळशासारखा येतो आणि मान जराशी वळली की पेटतो. त्या वळणाची वाट बघत उभं राहणं, हे शिकायला मात्र वेळ लागतो. त्या वेळात पक्षी जे करत असतो ते दिसायला लागतं, आणि मग फोटो नाही मिळाला तरी सकाळ भरलेली राहते.

अलीकडे एक गोष्ट मला खटकते. फोनमध्ये आता बोट फिरवलं की नको ते पुसून टाकायची सोय आहे. पक्ष्यांच्या फोटोंतून लोक सगळ्यात आधी काय पुसतात, तर आडव्या आलेल्या वाळक्या काटक्या. मागे गुळगुळीत हिरवा पडदा आणि पुढे एकटा पक्षी. फोटो देखणा होतो, शंका नाही. पण बागेत जे चाललं आहे तेच मला तिथेही दिसतं. आपल्याला पक्षी हवा आहे, त्याचं घरदार नको आहे. मी माझ्या फोटोंतली एकही काटकी पुसत नाही.

तांबटाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आहे. आमच्या वस्तीतल्या छोट्या बागेत एक म्हातारा गुलमोहर आहे, त्याची एक फांदी टोकाकडे मेलेली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाकावर बसले होते, तर समोरच्या फरशीवर लाकडाचा भुसा दिसला. वर बघितलं. फांदीच्या खालच्या बाजूला, उलटा लटकून, चिमणीएवढा हिरवा पक्षी टोचत होता. कपाळ लाल, छातीवर लाल पट्टा, गळा आणि डोळ्यांभोवती पिवळं, पाय लालबुंद. भोक फांदीच्या पोटाकडून पाडायचं, म्हणजे पाऊस आत जात नाही. चार-पाच घाव घालायचा, सैल झालेली चिरफळी चोचीत धरून ओढायचा, मान झटकून टाकायचा, अंग थोडं फिरवून पुन्हा चार-पाच घाव. असं फिरत फिरत टोचल्यामुळे भोक इतकं गोल होतं, की सुताराने गिरमिट लावल्याचा भास व्हावा. थोड्या वेळाने जोडीदार आला आणि पहिल्याने जागा सोडली. नर कोण, मादी कोण, हे बाहेरून ओळखता येत नाही. दोघं सारखीच दिसतात आणि सारखंच राबतात.

पुढच्या दिवसांत आधी डोकं आत गेलं, मग खांदे, मग नुसती शेपूट बाहेर. एके सकाळी बाहेर काहीच नव्हतं. आतून बारीक ठकठक येत होती. मी भोकावर फोकस धरून थांबले. तोंड बाहेर आलं तेव्हा चोचीभोवतीच्या राठ केसांना भुसा चिकटलेला, कपाळाचा लाल रंग पिठाळलेला, आणि चोच भुश्याने गच्च भरलेली. त्याने ती उघडली आणि भुसा हवेत सुटला. शटर पडलं त्या क्षणी प्रत्येक कण वेगळा होता. त्या फोटोत डोळा तांबूस आणि अगदी सावध आहे, आणि भोवती ते पांढुरकं, मेलेलं लाकूड.

तांबटाची हाक आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. भर दुपारी, सगळं सुस्तावलेलं असताना, टुक-टुक-टुक, मिनिटाला शंभराच्या वर, न थकता. हाक देताना त्याची चोच मिटलेली असते; गळ्याची कातडी तेवढी फुगते आणि बसते. हाकेगणिक तो डोकं वळवत असतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो, कधी उजवीकडून. फोटोत हे काही येत नाही. म्हणून तांबट हाक देऊ लागला की मी कॅमेरा खाली ठेवून नुसती ऐकते.

आता पालापाचोळ्याचं. सकाळी खराटे घेऊन माणसं बागा झाडतात ते कष्टाचं काम आहे आणि रस्ते झाडायलाच हवेत. पण झाडाच्या बुंध्याशी, झुडपांच्या मागे, जिथे कुणी पायही ठेवत नाही, तिथली पानं गोळा करून काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत का जावीत? त्या पानांखाली गोगलगायी असतात, वाळवी, भुंगे, गांडुळं, सापसुरळी असते. दयाळ तिथे उतरून एकेक पान उलटतो. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, नवरंग मुंबईवरून जातो. हिरवा, निळा, पिवळसर, पोटाला शेंदरी, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपूट जवळजवळ नाहीच. तो रात्री प्रवास करतो. शहरातल्या दिव्यांनी आणि काचांनी गोंधळतो, आणि दरवर्षी कुणाच्या तरी गॅलरीत, जिन्यात दमलेला सापडतो. त्याला उतरायला हवी असते ओलसर सावली आणि कुजलेल्या पानांचा जाड थर, कारण तो जमिनीवर पानं उडवत चरतो. हिरवळ आणि पेव्हर ब्लॉक यांच्यावर त्याच्यासाठी काहीच नाही. राणीच्या बागेत एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, झाडणाऱ्यांच्या हातून सुटलेला असा एक पट्टा होता. तिथे मला एकदा नवरंग भेटला. मातीत बूड टेकून मी बसले होते. तो तीन टुणक्यांत पुढे आला, थांबला, कान देऊन ऐकल्यासारखी मान कलती केली, आणि पानाखालून गांडूळ ओढून काढलं. प्रकाश इतका कमी होता की फोटो दाणेदार आलाय. तरी तो मी घरी लावला आहे.

थंडीत त्याच झुडपांत चक्-चक् असा सुका आवाज येतो. तो ब्लाइथ रीड वॉर्बलर. रंगाने मातकट, वजन दहा-बारा ग्रॅम, आणि येतो थेट मध्य आशियाकडून, सायबेरियाकडून. त्याचा फोटो काढणं म्हणजे झुडपाचा फोटो काढणं. पण एवढासा जीव एवढ्या लांबून येऊन भायखळ्याच्या न छाटलेल्या कोरांटीत हिवाळा काढतो, हे कळल्यापासून त्या झुडपाजवळून जाताना मी पाय हळू टाकते.

आणि शिंजिराचं घरटं! आमच्या चाळीच्या गॅलरीत, जुन्या वायरीच्या टोकाला, एक लोंबती पिशवी दिसायची. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पानं, सुरवंटाची विष्ठा, कापसाचे धागे. कुणीही केरसुणी उचलून पाडावं असं ते रूप. आणि म्हणूनच ते सुरक्षित. शेजारच्या काकूंना मी फोटो मोठा करून दाखवला. वरच्या अंगाला छोटंसं दार, दारावर छज्जा, आणि दारातून बाहेर आलेली बाकदार चोच. त्यांनी त्या दिवसापासून त्या बाजूला कपडे वाळत घातले नाहीत, पिल्लं उडेपर्यंत. चाळीच्या मोरीच्या पाइपाशी पिंपळ उगवतो तोही पक्ष्यांनीच आणलेला, हेही त्यांना तेव्हाच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तो मात्र काढायलाच लागेल गं, भिंत फुटते." खरं आहे. भिंतीतला पिंपळ काढावाच लागतो.

अडगळीतून काय उगवू शकतं ते बघायचं असेल तर सायनहून वांद्र्याकडे जाणाऱ्या लिंक रोडवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघावं. एका बाजूला धारावी, दुसऱ्या बाजूला मिठी नदी आणि तिच्यापलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. 37 एकरांची ही जागा 1977 पर्यंत शहराचा कचरा टाकायची होती. 1983 साली डॉ. सलीम अली यांच्या हातून तिथे पहिलं रोप लागलं. 1896 चा त्यांचा जन्म, म्हणजे तेव्हा ते ऐंशीच्या बरेच पुढे होते. त्या रोपाची ढोली बघायला मिळणार नाही हे त्यांना ठाऊकच असणार. 1994 साली उद्यान लोकांसाठी उघडलं. आज तिथे पायाखाली तोच कचरा आहे आणि वर गर्द सावली. पानं तिथे पुष्कळशी पडून राहतात. ब्लू मॉर्मन फुलपाखरू, जे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, तिथल्या वाटांवरून डुलत जातं. भारद्वाज झुडपातून घुमतो. खारफुटीच्या बाजूला ढोकरी निश्चल बसलेली असते. मिठीला वास येत असतो, रस्त्यावर ट्रक हॉर्न देत असतात, आणि सुभग पक्ष्याची लांब शीळ त्या सगळ्यातून सरळ ऐकू येते.

सलीम अलींचं नाव निघालं की मला आठवतं ते त्यांचं किहीमचं काम. 1930 साली, हाताशी नोकरी नसताना, ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते आणि तिथे सुगरणींची घरटी होती. सुगरण म्हणजे तेव्हा शेतोशेती दिसणारा पक्षी. तिच्याकडे त्यांनी महिनेच्या महिने रोज बघितलं, आणि त्यातून कळलं की नर अर्धवट घरटी बांधतो, माद्या येऊन ती पारखतात, पसंत पडलं तर मादी तिथे राहते, मग नर ते पुरं करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो. कुठल्याही दुर्मीळ पक्ष्याच्या मागे न धावता केलेलं ते काम. सकाळी बागेत भेटणाऱ्या तरुण मुलांना, ज्यांना रोज नवा पक्षी यादीत हवा असतो, मी किहीमबद्दल सांगते. कुणी ऐकतं, कुणी घड्याळ बघतं. ऐकणारा एक मुलगा गेला हिवाळाभर एकाच तळ्याकाठच्या खंड्याच्या मागे आहे. त्याच्या वहीत खंड्याने काय काय पकडलं ते तारीखवार आहे, आणि त्यात मासे कमी, सरडे-टोळच जास्त आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे. एप्रिल-मे आला की मुंबईत पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. नेमक्या विणीच्या दिवसांत. छाटणी नको असं मी म्हणणार नाही. दर पावसाळ्यात या शहरात फांदी नाहीतर झाड अंगावर पडून माणसं जातात. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढे तांबटाचं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही. रस्त्यावर, फुटपाथवर, बाकावर झुकलेली वाळकी फांदी उतरवलीच पाहिजे. पण बागेच्या आतल्या, जिथे खाली फक्त झुडपं आहेत तिथल्या फांदीला तोच नियम कशासाठी? मेलेलं झाड बुंध्यापासून काढण्याऐवजी दोन पुरुष उंचीवर कापून खोड उभं ठेवता येतं. ते कुणाच्या अंगावर पडत नाही आणि त्यात पुढची कितीतरी वर्षं कुणी ना कुणी राहतं. करवत लावण्याआधी ढोलीत कुणी आहे का, ते खालून पाच मिनिटं बघता येतं. आपल्याकडे झाडांच्या जतनाचा कायदा 1975 पासून आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा मान दिला. तो जिवंत झाडांचा. वाळलेल्या झाडाची बाजू घ्यायला मात्र कुणी उभं नसतं.

गुलमोहराच्या त्या फांदीवर एप्रिलच्या शेवटी शिडी लागली होती. मी नेहमीप्रमाणे बाकावर होते. कामावरच्या मुकादमांना मी म्हटलं, "दादा, जरा थांबता का? हे बघा आधी." कॅमेऱ्यावर भुसा उडवणारा तांबट होता, आणि त्याच्या पुढचा आदल्या दिवशीचा फोटो, भोकाच्या तोंडाशी आलेल्या पिल्लाचा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, मग वर बघितलं, मग पुन्हा पडद्यावर. "ही बारकी भोकं मला किडीची वाटायची," ते म्हणाले. त्यांनी शिडी हलवून फांदी टोकाकडची हातभर तोडली, भोकाचा भाग तसाच ठेवला, आणि माळीमामांना सांगून खालच्या वाफ्याभोवती दोरी बांधून घेतली. पिल्लं आठवड्यात उडाली. पुढच्या फेब्रुवारीत त्याच फांदीवर, पहिल्या भोकाच्या थोडं मागे, तांबटांनी नवं भोक काढलं. जुन्यात ते रात्रीचे झोपायला जात.

यंदा बागेच्या मागच्या बाजूचा शिरीष पूर्ण वाळला आहे. त्याच्या खोडात पिंगळ्याची जोडी राहते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी दोघं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात आणि माणसांकडे टक लावून बघतात. झाडाच्या खाली रस्ता नाही, बाक नाही, नुसती अडुळशाची झाडी आहे. तरी बुंध्यावर छाटणीवाल्यांचा पांढरा आकडा पडला आहे. मी पिंगळ्यांचे चार फोटो मोठे छापून घेतलेत, एकावर ढोली कुठे ते लाल शाईने दाखवलं आहे, आणि खोड किती उंचीवर कापलं तर चालेल तेही लिहिलं आहे. शेजारच्या काकूंची सही झाली, माळीमामांनी अंगठा दिला, खंड्याच्या वहीवाला मुलगा सोबत येतो म्हणाला आहे. सोमवारी कचेरी उघडली की आम्ही जाणार आहोत.